पुठ्ठ्याच्या डब्याला पुन्हा पुन्हा बसणारं झाकण कसं डिझाइन करावं

झाकणाचं ड्रॉइंग सुरू करण्याआधी डबे मागवा. नमुन्याचा एखादा आणून भागणार नाही. चालू उत्पादनातले, वेगवेगळ्या दिवशी बनलेले, निदान तीस डबे हवेत. ते टेबलावर मांडा आणि मोजायला बसा. झाकण सैल पडल्याची तक्रार आली की पहिला संशय साच्यावर जातो, पण मूळ बहुतेक वेळा डबा नीट मोजला नाही यातच सापडतं. साच्यातून निघणारी झाकणं एकमेकांसारखी असतात. पुठ्ठ्याचं तसं नाही. तो हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, वाळला की आक्रसतो, बोटाखाली दबतो आणि एकदा दबला की पुरता परत येत नाही. या जोडीत हळवी बाजू पुठ्ठ्याची आहे, त्यामुळे झाकण त्याच्या स्वभावाला धरून बेतावं लागतं.

मुख्य उदाहरण घेतलंय ते गोल कागदी डब्याचं. वरची कड बाहेर वळवलेली, आत सोलून काढायचं सील आणि वरून दाबून बसणारं झाकण. पावडर, दाणेदार माल, सुका खाऊ अशासाठी वापरतात तो. चौकोनी खोक्याचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

पहिली पायरी: डबा मोजणं

व्हर्नियरने कागदी डब्याचा व्यास घेऊ नका. व्हर्नियरचे जबडे कड दाबतात आणि दोन माणसांची मापं कधीच जुळत नाहीत. परिघ मोजून थेट व्यास दाखवणारी पोलादी पट्टी मिळते, तिला पाय टेप म्हणतात. ती वापरा. इथे परिघच महत्त्वाचा असण्याला कारण आहे. डबा वाहतुकीत दबून थोडा लंबगोल झाला तर झाकण बसताना त्याला परत गोल करतं. पण परिघच कमी किंवा जास्त असेल तर झाकण काहीच करू शकत नाही. लंबगोलपणाही नोंदवा, पण वेगळ्या रकान्यात, कारण त्याचा त्रास मशीनवर झाकण लावताना होतो, घरी वापरताना फारसा नाही.

कड सगळीकडे सारखी नसते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या गुंडाळून डबा बनतो आणि जिथे पट्टीवर पट्टी चढते तिथे जाडी वाढते. त्या जोडावर बोट फिरवलं तरी उंचवटा कळतो. तिथली जाडी मायक्रोमीटरने वेगळी घ्या.

मग ओलावा. पुठ्ठा तपासायची प्रमाण हवा २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता. पहिली मापं डबे एक दिवस तशा हवेत ठेवून घ्या. त्यानंतर दमट हवेतली मापं हवीत. त्यासाठी महागडा चेंबर नसेल तर घट्ट बंद होणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या पेटीत एका ताटलीत साधं मीठ आणि थोडं पाणी घालून ठेवा. मिठाचा ओला लगदा राहिला पाहिजे, सगळं मीठ विरघळता कामा नये. अशा बंद पेटीतली हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. तीन दिवस डबे त्यात ठेवा, बाहेर काढल्याबरोबर मोजा. कोरड्या आणि दमट मापांतला फरक हा तुमच्या डिझाइनमधला सर्वात मोलाचा आकडा आहे आणि तो डबा बनवणाऱ्याच्या कागदपत्रांत सहसा नसतो.

पुठ्ठ्याला ग्रेन असतो. तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेला तो ओलाव्याने कमी वाढतो, आडव्या दिशेला कितीतरी पटीने जास्त. ग्रेन ओळखायला तुकडा फाडून पाहा: ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. नाहीतर तुकड्याची एकच बाजू ओली करा. तो वळून पन्हळीसारखा होईल आणि त्या पन्हळीची लांबी ग्रेनच्या दिशेला असेल.

डब्याच्या तोंडाला धातूची कडी असेल तर तुमचं काम बरंच सोपं होतं, कारण झाकण कागदाला न पकडता धातूला पकडतं. या कड्यांना जुन्या डबा-उद्योगातली मापं लागतात. ४०१ म्हटलं की ४ इंच आणि वर एक सोळांश, म्हणजे १०३.२ मिलिमीटर. ३०० म्हणजे पूर्ण ३ इंच, ७६.२ मिलिमीटर. हे वाचायला शिकून घ्या, पुरवठादार याच भाषेत बोलतात.

दुसरी पायरी: झाकणाचं काम काय ते ठरवणं

माल भरल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत हवा, ओलावा आणि छेडछाड यांपासून राखण्याचं काम आतल्या सीलचं आहे. झाकणाची पाळी सील निघाल्यावर येते: माल सांडू नये, मुंगी शिरू नये, हवा खेळती राहू नये. दोन्ही कामं झाकणावर टाकली की ते इतकं घट्ट करावं लागतं की उघडताना डब्याची कडच चिरडते. ओलावा खरोखरच रोखायचा असेल तर झाकणाला आतून एक पातळ गोल ओठ द्या, जो डब्याच्या आतल्या भिंतीला लागेल. बाहेरून पकड, आतून अडथळा. पण डब्याच्या आतल्या व्यासाची मापं चांगली आली असतील तरच हा ओठ उपयोगी पडतो. नाहीतर तो एका बाजूला दुमडतो आणि झाकण वाकडं बसतं.

तिसरी पायरी: प्लास्टिक निवडणं

दाबून बसणाऱ्या गोल झाकणासाठी माझी पहिली पसंती एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिलीन. ते मऊ आहे, ताणून परत येतं, कागदाच्या कडेला समजून घेतं आणि फ्रीझरमध्येही लवचीक राहतं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, जास्त ताठ आणि पारदर्शकतेला बरं, पण साधं होमोपॉलिमर (एकाच घटकाचं) पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. गोठवलेल्या मालाच्या डब्याला ते दिलं तर झाकण पडल्यावर तडकेल. तिथे एलडीपीई घ्या किंवा कोपॉलिमर (दुसरा घटक जोडून बनवलेलं) पीपी. बिजागरीचं झाकण असेल तर मात्र पीपीला पर्याय नाही.

पातळ झाकण साच्यात भरायला वितळलेलं प्लास्टिक पाण्यासारखं वाहायला हवं, म्हणून मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वाहतेपणाचा आकडा, साधारण २० ते ५० या टप्प्यातला घेतला जातो. इथे एक अडचण दडलेली आहे. वाहतेपणा वाढवला की प्लास्टिकच्या रेणूंची साखळी आखूड होते आणि ताणाखाली असताना साबण, डिटर्जंट किंवा तेल लागलं तर त्याला तडे जायची शक्यता वाढते. डिटर्जंट पावडरीच्या डब्यावर झाकण कायम थोडं ताणलेलं असतं आणि पावडर पकडीच्या खाचेत साठते, म्हणजे तडा जायला लागणारं सगळं तिथे जमलेलंच असतं. अशा मालासाठी कमी वाहणारा ग्रेड किंवा एलएलडीपीईची (सरळ साखळीच्या पॉलिथिलीनची) मिसळ घ्या आणि भिंत थोडी जाड ठेवा.

रंगाचा विचारही इथेच करा. कार्बन ब्लॅकने काळं केलेलं झाकण पुनर्वापर केंद्रातल्या इन्फ्रारेड सेन्सरला दिसत नाही. एलडीपीई आणि पीपी दोन्ही पाण्यापेक्षा हलके आहेत, त्यामुळे चुकून कागदाच्या लगद्यात गेले तरी वर तरंगतात आणि वेगळे काढता येतात. त्यांत जड भरणी मिसळून तो गुण घालवू नका.

चौथी पायरी: पकडीचं गणित

सगळं झाकण या पायरीवर उभं आहे, म्हणून इथे घाई नको. झाकणाच्या खाली लोंबणाऱ्या भिंतीला स्कर्ट म्हणतात. स्कर्टच्या आतल्या बाजूला, खालच्या टोकाजवळ एक बारीक उंचवटा असतो, तो बीड. झाकण दाबलं की बीड डब्याच्या वळवलेल्या कडेवरून ताणून घसरतो आणि तिच्याखाली जाऊन अडकतो.

समजा तीस डब्यांच्या, कोरड्या आणि दमट मिळून, कडेच्या व्यासाची मापं १०२.९ ते १०३.६ मिलिमीटर आली. स्कर्टचा आतला व्यास १०३.५ ठेवू, म्हणजे जवळपास सगळे डबे मोकळेपणाने आत जातील आणि सर्वात मोठा थोडा घासेल. बीडचा व्यास सर्वात लहान डब्यावरून ठरवायचा. त्यालाही पकड लागलीच पाहिजे. व्यासावर किमान ०.६ ची पकड धरली तर बीड १०२.३ येतो. आता हेच झाकण सर्वात मोठ्या डब्यावर घाला: १०३.६ उणे १०२.३, म्हणजे १.३ मिलिमीटर ताण. टक्केवारीत सुमारे १.३. एलडीपीईला हे सहज झेपतं.

हीच पकड, तेवढाच १.३ मिलिमीटरचा ताण, ७६ मिलिमीटरच्या डब्यावर घेतली तर तो पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जातो आणि झाकण हाताला स्पष्ट कडक लागतं. मोठ्या डब्याचं झाकण नुसतं लहान करून वापरू नका म्हणतात ते यासाठी. पकड मिलिमीटरमध्ये ठरवली तरी शेवटी टक्केवारीत तपासा.

बीडच्या दोन उतारांना वेगवेगळी कामं असतात. खालचा उतार, ज्यावरून कड आत शिरते, तो लांब आणि मंद ठेवा, उभ्या रेषेशी साधारण ३० अंश. वरचा उतार पकडतो, तो ४५ अंशांच्या पुढे. बीडचं शिखर गोलाई दिलेलं हवं, किमान ०.३ मिलिमीटर त्रिज्येचं.

बीड अखंड ठेवायचा की तुटक, यावर मी तुटकच्या बाजूने आहे: सहा किंवा आठ तुकडे आणि मध्ये मोकळ्या जागा. झाकण दाबताना आत अडकलेली हवा त्या फटींतून निघते. अखंड बीडमध्ये हवा कोंडते आणि दाबलेलं झाकण हळूच वर येतं. पण तुकड्यांची टोकं गोल करायला विसरू नका. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका कामात चाचणीला सगळं उत्तम बसलं होतं आणि तीन आठवड्यांनी सैल झाकणांची तक्रार आली. झाकणं मोजली, मापात होती. वापरलेले डबे परत मागवून एक झाकण खिडकीजवळ उजेडात धरलं तेव्हा बीडच्या प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी पांढरी लव दिसली, सुती कापडाला धरते तशी. ती कागदाची होती. टोकं धारदार राहिली होती आणि झाकण फिरवून काढणारा प्रत्येक हात डब्याची कड किसत होता. साच्यात त्या टोकांना अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली आणि तक्रार थांबली.

स्कर्टची उंची ८ ते १० मिलिमीटर पुरते. त्याहून लांब केला तर झाकण तिरकं धरल्यावर अडकतं.

पाचवी पायरी: वरचा भाग

पटलाची, म्हणजे झाकणाच्या वरच्या सपाट भागाची, जाडी ०.६ मिलिमीटर, स्कर्टची ०.६५ धरली तर या मापाचं झाकण साडेसहा ग्रॅमच्या आसपास जातं. पटल ०.०५ ने पातळ केलं तर प्रत्येक झाकणामागे ०.४ ग्रॅमच्या जवळपास वाचतात, लाखभर झाकणांमागे ३९ किलो. ही बचत मोहात पाडते. तरी आधी पटल मधोमध अंगठ्याने दाबून पाहा: ते टक्कन आत जाऊन तसंच राहत असेल तर पातळ केलंय. मध्ये हलका घुमट किंवा एक गोल पायरी दिली की कमी जाडीतही ताठपणा येतो.

पटल आणि आतलं सील यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. समुद्रसपाटीला भरलेला डबा २००० मीटर उंचीवर गेला की बाहेरचा हवेचा दाब पाचव्या हिश्शाने कमी होतो, सील फुगतं आणि झाकणाला खालून ढकलतं. जागा नसेल तर झाकण ट्रकमध्येच निखळतं.

पटलाच्या कडेला उभी गोल धार द्या, म्हणजे वरच्या डब्याचा तळ तिच्यात बसेल आणि रास सरकणार नाही. बोट घालायची जीभ २० मिलिमीटर रुंद असावी आणि तिच्याखाली नख नाही, बोटाचं पेर शिरलं पाहिजे. सांधे दुखणाऱ्या माणसाच्या हाताने हे झाकण उघडेल का, हा प्रश्न इथे विचारा आणि तशा माणसालाच उघडायला द्या. एका बाजूने उचललेलं झाकण थोड्या जोरात निघतं, सरळ वर ओढलं तर कितीतरी जास्त जोर लागतो.

चौकोनी खोकं असेल तर

गोल झाकण पकडतं कारण त्याचा पूर्ण घेर ताणला जाऊन आत खेचतो. चौकोनात सरळ बाजू अशी आत खेचत नाही, ती नुसती बाहेर वाकते. शिवाय खोक्याची सरळ भिंतही मालाच्या दाबाने फुगलेली असते. म्हणून चौकोनी झाकणाची पकड बाजूंच्या मध्यावर ठेवू नका. ती कोपऱ्यांजवळ द्या, कारण क्रीज, म्हणजे घडीची रेघ, पडल्यामुळे पुठ्ठा तिथेच ताठ असतो. कोपऱ्यांना निदान ८ ते १० मिलिमीटरची त्रिज्या द्या.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे खोक्याच्या तोंडाला प्लास्टिकची चौकट चिकटवायची आणि झाकण त्या चौकटीला बिजागरीने जोडायचं. मग झाकणाची पकड प्लास्टिकवर येते आणि पुठ्ठ्याला फक्त चौकट धरून ठेवावी लागते. बिजागरी पीपीची, जाडी ०.२५ ते ०.४ मिलिमीटर. गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरण्याचं तोंड, अशा जागी ठेवा की वितळलेलं प्लास्टिक बिजागरी ओलांडून वाहील. दोन प्रवाह बिजागरीवर भेटले तर ती तिथेच तुटेल. साच्यातून निघालेलं झाकण गरम असतानाच एक-दोनदा पूर्ण दुमडा. साखळ्या त्या दिशेला ओढल्या जातात आणि बिजागरी वर्षानुवर्षं टिकते.

चौकट चिकटवताना लक्षात घ्या की पीपी आणि पॉलिथिलीनला गोंद सहजी धरत नाही. त्यांच्या पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे गोंद कितपत पसरून धरेल ते सांगणारा आकडा, ३० डाइनच्या आसपास असते. ज्योतीने किंवा कोरोनाने (उच्च दाबाच्या विजेच्या झोताने) ती ३८ च्या वर न्यावी लागते, आणि हा परिणाम दिवसागणिक उतरतो, म्हणून प्रक्रिया आणि चिकटवणं यांत फार दिवस जाऊ देऊ नका. चौकटीला उथळ खोबणी दिल्या की गोंद दाबाने बाहेर न येता आत थांबतो.

दूध-रसाच्या कागदी कार्टनला बसवतात ती फिरकी झाकणं वेगळ्या घराण्यातली. तिथे तोटीचा चपटा पाया कार्टनच्या पॉलिथिलीनच्या थराला अल्ट्रासोनिक वेल्डिंगने आतून जोडतात. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून ३ लिटरपर्यंतच्या एकदाच वापरायच्या पेय-पॅकेजिंगवर प्लास्टिकचं झाकण उघडल्यावरही जोडलेलंच राहावं लागतं. तिकडे माल जाणार असेल तर हा दुवा पहिल्याच ड्रॉइंगमध्ये धरा.

साचा

एलडीपीई थंड होताना दीड ते चार टक्के आक्रसतं. हा पल्ला मोठा आहे. दोन टक्के धरून १०२.३ च्या बीडसाठी पोलादात १०४.३५ माप काढलं आणि प्रत्यक्षात आक्रसणं अडीच टक्के निघालं, तर झाकण अर्ध्या मिलिमीटरने लहान येईल. आपली किमान पकडच ०.६ ची होती. म्हणून सरळ बारा पोकळ्यांच्या साच्यावर पैसे घालू नका. आधी एका पोकळीचा चाचणी साचा, त्याच भिंतीच्या जाडीचा आणि त्याच जागी गेट असलेला. थ्री-डी प्रिंट केलेल्या झाकणावरून जीभ कुठे हवी, रास कशी बसते एवढंच कळतं. रेझिनचं झाकण एलडीपीईसारखं ताणत नाही, पकडीबद्दल त्याचं म्हणणं ऐकू नका.

बीड म्हणजे साच्याच्या कोअरवरची, झाकणाची आतली बाजू घडवणाऱ्या भागावरची, खाच. ती आधी उथळच खोदा. झाकण सैल आलं तर खाच आणखी खोल करता येते. एकदा जास्त खोल गेली की पोलाद परत भरणं जिकिरीचं.

गेट पटलाच्या मधोमध. कोअरला थंड पाणी सगळीकडे सारखं पोहोचलं नाही तर झाकण लंबगोल निघतं. साच्यातून निघालेलं झाकण लगेच मोजू नका. ते पुढचे एक-दोन दिवस आक्रसत राहतं. ४८ तासांनंतरचं माप खरं. आणि गरम झाकणं गोणीत कोंबू नका, तळातली वाकडी होतात आणि तशीच थंड होतात. मशीनवर झाकणं एकात एक रचून लावायची असतील तर स्कर्टवर तीन-चार छोटे गट्टू द्या, नाहीतर दोन झाकणं एकमेकांना चिकटून एकदम पडतील.

चाचणी

तीस डबे, तीस झाकणं, सगळ्यांना क्रमांक. निम्मे कोरड्या हवेतले, निम्मे मिठाच्या पेटीतले. गोठवलेला माल असेल तर काही उणे १८ ला. प्रत्येक झाकण स्प्रिंग काट्याने जिभेपासून उचलून पहिल्या, दहाव्या आणि तिसाव्या उघडण्याला लागलेला जोर लिहा. पहिला आकडा कसाही असो, दहाव्यापासून तिसाव्यापर्यंत तो स्थिरावला पाहिजे. उतरतच राहिला तर कड मरतेय. मग निम्मा भरलेला डबा झाकण लावून टेबलाच्या उंचीवरून आडवा आणि उलटा टाका. पावडरीच्या डब्यासाठी टाल्कम भरून काळ्या कागदावर उलटा धरून हलवा, गळती कुठून होते ते कागदावरच उमटतं.

शेवटी झाकण लावलेलाच एक डबा, तिसाव्यांदा उघडून बंद केलेला, बारीक दातांच्या करवतीने उभा कापा. त्याआधी कडेच्या आतबाहेर पातळ मेण ओतून घट्ट होऊ द्या, म्हणजे कापताना काही हलणार नाही. भिंगाखाली पाहा: बीड कडेच्या खाली पूर्ण गेलाय का, कागदाचे थर सुटलेत का, वळवलेली कड चपटी होऊन किती आत गेली. कड ०.२ ने बसली असेल तर खाच तेवढीच खोल करा, एका वेळी ०.१ पेक्षा जास्त नाही, आणि नव्या तीस डब्यांवर पुन्हा पहिल्यापासून.